उत्तर एकट्यालाच

“आला! परत तोच प्रश्न आला!”

किल्लीकाकांनी कप इतक्या जोरात ठेवला की निम्मा चहा बशीत गेला. समोर बसलेल्या अक्कांनी, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीने, मुकाट्याने फडकं पुढे सरकवलं. ग्रंथालयातून निवृत्त होऊन त्या भावाकडे राहायला आल्या होत्या आणि हा तमाशा रोज सकाळी बघत होत्या.

काकांना चावीच्या जुन्या घड्याळांचं वेड. घरातली एकही भिंत टिकटिकल्याशिवाय राहत नसे, त्यामुळे पाहुणे सहसा मुक्कामाला थांबत नसत. असल्याच वेड्यांना जमवून काकांनी एक मंडळ काढलं होतं. त्यात दंतवैद्य होते, वकील होते, शिंपी होता, चष्मेवाला होता. कारभार सगळा मेलवर. कोणाचं घड्याळ अडलं की तो मंडळाच्या पत्त्यावर मेल टाकी आणि ती सगळ्यांना जाई. उत्तर मात्र ज्याने विचारलं त्याला एकट्यालाच पाठवायचं, हा काकांनी घातलेला दंडक. इतरांच्या डोक्याला ताप नको, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच होता. पण झालं असं, की प्रश्न सगळ्यांना दिसत आणि उत्तर कोणाच्याच दृष्टीस पडत नसे. मग तेच प्रश्न पुन्हा येत आणि काका कुरकुरत तेच उत्तर पुन्हा लिहीत. खरं सांगायचं तर त्यांना ते मनातून आवडतही असे. सगळं मंडळ आपल्यावाचून अडतं, हे कोणाला आवडत नाही?

चष्मेवाला तरुण होता. तो कधीपासून मागे लागला होता, “काका, वेबसाइटवर फोरम काढू या. प्रश्न तिथे, उत्तरही तिथेच. पुढचा माणूस शोधेल आणि वाचेल.”

“मी आहे तोवर नाही!” काका ठणकावत. “मेल आपल्या दारात येते. फोरमच्या दारात आपल्याला जावं लागतं. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी काय करायचं?”

येत्या बैठकीत यावर मतं घ्यायची ठरली होती, आणि आपलं वजन कुठे टाकायचं हे काकांचं पक्कं होतं.

त्या सकाळी आलेला प्रश्न एका संगीतशिक्षिकेचा होता. मंडळात अगदी नवीन. ‘आई गेली आणि तिचं भिंतीवरचं घड्याळही बंद पडलं. मला ते स्वतः दुरुस्त करायचं आहे. यंत्र उघडण्याआधी काय काळजी घेऊ?’

काकांनी तणतणत दोन ओळी पाठवल्या. ‘हे पूर्वी अनेकदा सांगून झाले आहे. जुन्या मेल पाहाव्यात.’

“अरे, बाई नवीन दिसतेय,” अक्का म्हणाल्या.

“मग वाचायला शिकू दे तिला!”

चार-आठ दिवसांनी त्या बाईंची आणखी एक मेल आली. काकांनी ती वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

‘जुन्या मेल माझ्याकडे कुठून असणार? शेवटी मीच अंदाजाने स्क्रू सोडवले. आतली स्प्रिंग उसळून सुटली. एका चाकाचे दाते मोडले आणि माझं बोट फाटलं. बोट भरून येईल. आईचं घड्याळ मात्र आता कायमचं गप्प झालं. आपल्याला त्रास दिला, क्षमा असावी. माझं नाव मंडळातून काढून टाका.’

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चावी दिलेली स्प्रिंग आत दबा धरून बसलेली असते. म्हणून यंत्र उघडण्याआधी ती चावीनेच, हळूहळू, धरून सैल करायची. एवढंच उत्तर होतं! आजवर कितीजणांना त्यांनी ते लिहून पाठवलं होतं. ज्या एका बाईला ते हवं होतं, तिलाच ते मिळालं नाही.

“अक्का, हे माझ्यामुळे झालं गं,” ते म्हणाले.

अक्कांनी मेल वाचली. मग खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसल्या.

“समज, ग्रंथालयात कोणी पुस्तक मागितलं. मी ते त्याला कायमचं देऊन टाकलं आणि कपाट रिकामंच ठेवलं. दुसरा आला, त्याला म्हटलं, हे पूर्वीच दिलंय, जा शोध. तू मला काय म्हणाला असतास?”

“वेड लागलंय म्हणालो असतो.”

“मग तू एवढी वर्षं काय करतोयस?”

काका चाचरत म्हणाले, “पण आमचा शिंपी... डोळे अधू झालेत त्याचे. मेल त्याचा नातू वाचून दाखवतो. फोरम, पासवर्ड, हे त्याला कसं जमायचं? तो तुटेल गं आमच्यातून.”

“हे मात्र तुझं खरं आहे. मग भांड ना त्याच्यासाठी! पण शिंप्याच्या आडून स्वतःची खुर्ची सांभाळू नकोस.”

शब्द वर्मी लागले. काकांनी त्याच क्षणी फोन उचलला आणि त्या बाईंची माफी मागितली. “घड्याळ टाकू नका,” ते म्हणाले. “एकदा आम्हाला बघू द्या.”

बैठक दंतवैद्यांच्या दवाखान्यात भरली. काका बोलायला उठले तसं चष्मेवाल्याचं तोंड उतरलं. संपलं सगळं, असं वाटून तो कागद आवरायला लागला. काकांनी आधी बाईंची मेल वाचून दाखवली.

“चूक त्यांची नाही, माझी आहे!” काकांनी सरळ सांगून टाकलं. “उत्तर आपल्याकडे होतं आणि आपण ते खिशात घालून बसलो होतो. फोरम काढा. आजच काढा! माझी एकच अट आहे. ज्याला मेलच हवी, त्याला फोरमवरचं सगळं मेलने गेलं पाहिजे आणि त्याने मेलवर दिलेलं उत्तर फोरमवर दिसलं पाहिजे. आपला शिंपी मागे राहता कामा नये!”

“होतं की काका तसं!” चष्मेवाला उडालाच. “मी केव्हापासून सांगतोय, तुम्ही ऐकून कुठे घेतलंत?”

हशा पिकला आणि सगळ्यांचे हात वर गेले.

मग मंडळी अशी कामाला लागली की विचारू नका. जो तो आपल्या मेल उकरून काकांची जुनी उत्तरं फोरमवर चढवू लागला. पहिलं पान काकांनी स्वतः लिहिलं: यंत्र उघडण्याआधी स्प्रिंग सैल करा. त्याखाली बाईंच्या घड्याळाचे फोटो लागले. कधी तोंड न उघडणाऱ्या दूरगावच्या एका सभासदाने पितळ कोणतं घ्यावं ते सांगितलं. शिंप्याने नातवाकरवी मेल केली, दाते घासायला कानस कशी धरावी याची, आणि ती सगळ्यांना दिसली. “आजवर माणसांचे बसवले, आता चाकाचे बसवू,” असं म्हणत दंतवैद्यांनी नवे दाते बसवले. यंत्र जुळवलं बाईंनी, स्वतःच्या हाताने. प्रत्येक पायरी आधी वाचून.

बाईंच्या शाळेतल्या संगीताच्या वर्गात घड्याळ टांगलं, तेव्हा सगळं मंडळ हजर होतं. काटे पाचवर आले. सगळे मनात टोले मोजू लागले. एक, दोन, तीन, चार.

आणि टोले थांबले.

सगळ्यांचे चेहरे पडले. काका सवयीने पुढे झाले, पण बाई त्यांच्या आधी पोचल्या. काट्यांना हातही न लावता त्यांनी आत बोट घालून टोल्यांचा खटका हलकेच उचलला. “टोले एका तासाने मागे आहेत, इतकंच. खटका उचलला की पुढचा तास वाजतो,” त्या म्हणाल्या. घड्याळ पुन्हा वाजू लागलं आणि सारा वर्ग मोठ्याने मोजू लागला. एक! दोन! तीन! चार! पाच!

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. बाई रडत होत्या आणि हसतही होत्या. आईचं घड्याळ बोललं होतं!

“खटक्याचं तुम्हाला कोणी सांगितलं?” काकांनी विचारलं.

“तुम्हीच, काका. कधीकाळी वकीलसाहेबांना लिहिलं होतंत. त्यांनी गेल्या आठवड्यात फोरमवर चढवलं.”

काकांनी अक्कांकडे पाहिलं. अक्का नुसत्या हसल्या.

मंडळींनो, आपल्यापैकी प्रत्येकाकडे कोणाच्या तरी उपयोगाचं काहीतरी असतं. ते एकट्याच्या कानात सांगितलं तर त्याचं काम होतं. चारचौघांत मांडून ठेवलं, तर आपल्याला माहीतही नसलेल्या माणसाचं घड्याळ चालू होतं. नवी वाट धरताना एवढंच बघावं, की आपला शिंपी मागे राहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका पुन्हा ओरडले, “आला! परत तोच प्रश्न आला!” अक्कांनी फडकं उचललं. पण चहा सांडला नव्हता. प्रश्नाखाली बाईंचं उत्तर आधीच येऊन पडलं होतं, आणि काका कितीतरी वर्षांनी गरम चहा पीत होते.