गव्हाच्या दाण्याएवढी

"मेली!" मायक्रोस्कोपवरून डोळा न काढताच शोभाताई ओरडल्या. "जयवंताबाई, सगळीच्या सगळी मेली!"

आणि चक्क हसल्या.

जयवंता स्टुलावरून उठली. "मेली म्हनता अन् हासता काहून बाई? माहीच कातडी हाय न ते?"

शोभाताईंचं हसू ओठांवरच वाळलं. तशी बाई वाईट नव्हती. रामदासपेठेतल्या आपल्या प्रयोगशाळेत त्या माणसाची कातडी काचेच्या बाटलीत वाढवत आणि तिच्यावर औषधं, विषं तपासून बघत. सशापेक्षा माणसाची कातडीच माणसाचं खरं सांगते, असं त्यांचं म्हणणं. उन्हाळ्यात त्यांनी जयवंताच्या कोपराखालून गव्हाच्या दाण्याएवढी कातडी कापून घेतली होती. तिचे बारीक तुकडे दोन बाटल्यांत, लालसर पाण्यात, उबेला ठेवले. तुकड्यांच्या कडेनं नवी कातडी फुटून काचेवर पसरली. मग एका बाटलीत रंगकारखान्यातल्या काळ्या भुकटीचा मिठाच्या कणाएवढा अंश टाकला. दुसरीत काही नाही. दुसरी मजेत जिवंत होती.

"बघा तरी," म्हणत त्यांनी जयवंताला भिंगाशी बसवलं. रंग धुऊन काढला तरी मेलेल्या बाटलीत सगळं आक्रसून, सुटून तरंगत होतं. मधे एक निळसर ठिपका मात्र जसाच्या तसा.

"हा डाग कसला ते कळेना."

"डाग नोहे. गोंदन हाय. मायनं रामटेकच्या जत्रेत तुळस गोंदवली होती. तिचा एक ठिपका तुमी कापला." जयवंता खाली बघत म्हणाली, "मेल्यावर बाईसंगं तेवढंच जाते म्हनते."

कापण्याआधी विचारायला हवं होतं, हे शोभाताईंना आत्ता सुचलं.

जयवंताच्या डोक्यात मात्र वेगळंच धुमसत होतं. बाटलीतली कातडी मेली तर तो पुरावा! आणि आपले हात कितीक वर्षं सक्करदऱ्याच्या त्या कारखान्यात सुताच्या लडी रंगाच्या हौदात बुचकळून, पिळून मरत आले, ते कुणाला दिसले नाहीत. नखं गळाली. भाकरी थापता येईना. कासारीणसुद्धा हात हाती घेईना, बांगड्या पुढे सरकवून म्हणे, "तूच घाल वं." उन्हाळ्याच्या तोंडाशीच, लड पिळवत नाही म्हटल्यावर मालक मनोहरराव म्हणाले होते, "पोरीले पाठव तुझ्या जागी." तिची पोर प्रेमलता आता सोमवारपासून जायची होती. म्हणून तर जयवंता कातडी कापून द्यायला तयार झाली होती.

दुसऱ्या दिवशी दोघी मनोहररावांच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. शोभाताईंनी मेलेली बाटली ठेवली, फोटो ठेवले, ही भुकटी बंद करा म्हणाल्या. मनोहररावांनी बाटली उजेडात धरली, हलवून पाहिली.

"बाटलीतली कातडी म्हणजे माणूस नाही होत, मॅडम."

"हे त बाटलीतले नाही न?" जयवंतानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. भेगाळलेले, काळे.

मनोहररावांनी पंख्याकडे पाहिलं. "हिची कातडी पहिलेच खराब. मरणारच. चांगल्या माणसाची घेऊन दाखवा, मंग बोलू."

"तुमची द्या न मंग," जयवंता म्हणाली. "गव्हाच्या दान्याएवढी. भूल देतेत, दुखत नाही."

लडी पिळणाऱ्या बायका दारात गोळा झाल्या होत्या. एक फिसकन हसली. "द्या न शेटजी! गोरीपान हाय तुमची!"

"माझ्या बॅगेत सगळं आहे," शोभाताई अगदी साधेपणानं म्हणाल्या. "दोन मिनिटांचं काम."

मनोहररावांनी वर दुमडलेली बाही खाली ओढली. मनगटाची गुंडी लावली, मग दुसऱ्या हाताचीही. "मले शुगर हाय," ते म्हणाले. आणि दारातल्या हशावर आवाज चढवून, "उद्यापासून येऊ नको तू!"

"नाही येत. अन् प्रेमलताही येनार नाही. कवाच नाही."

घरात खाणारी तोंडं होती आणि त्यांना राग समजत नसतो. तिनं टेबलावरची बाटली उचलली, पदराच्या टोकात गुंडाळली. शोभाताईंनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

फाटकावर कवडू बसला होता. जाणाऱ्या प्रत्येक बाईची झडती घ्यायची, सूत चोरून नेऊ नये म्हणून. इतकी वर्षं जयवंता न सांगता पदर झटकून दाखवत आली होती. आज ती चालतच राहिली.

"थांब वं! पदरात काय बांधून नेऊन राहिली कारखान्याचं?"

ती थांबली. गाठ सोडली. उन्हात बाटली धरली. पाण्यात तो निळा ठिपका आता नुसत्या डोळ्यांनी दिसत नव्हता, पण ती बरोबर तिथंच बघत होती.

"कारखान्याचं नोहे गा," ती म्हणाली. "माहं हाय."

कवडूनं तिच्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं, मग हाताकडे. आणि उठून फाटक पूर्ण उघडलं.