ज्या खेळात पंच नसतो

क्लबने मुलांसाठी भरवलेल्या गोल्फ शिबिराच्या पत्रकात छापले होते की गोल्फमध्ये पंच नसतो, खेळाडू आपली चूक आपणच जाहीर करतो, आणि म्हणूनच मुलांपुढे व्यावसायिक गोल्फपटूंचा आदर्श ठेवावा. विधान निर्दोष होते. पंच नसला की चूक पचवणेही तितकेच सोपे जाते, एवढा तपशील तेवढा जागेअभावी राहून गेला असावा.

घरात मुंगी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीने मात्र पत्रकावर शब्दशः विश्वास ठेवला. आदर्श म्हणून बोलावलेल्या विजेत्या गोल्फपटूने मुलांना खेळून दाखवताना उंच गवतातला चेंडू बुटाच्या टोकाने हळूच मोकळ्यावर सरकवला, तेव्हा ती मोठ्याने म्हणाली, "काका, चेंडू हलला. तुमचा दंडाचा एक फटका वाढला."

दोरीपलीकडे टाळ्या वाजवायला जमलेले पालक गार पडले. क्लबच्या सचिवांनी तिला बाजूला घेतले. "पाहुण्यांशी असं बोलतात? माफी माग, नाहीतर उद्यापासून शिबिरात येऊ नकोस."

"म्हणून टाक ना सॉरी," आई कुजबुजली. "जीभ झिजणारेय का तुझी?"

या शिबिरासाठी घर डोक्यावर घेतलेली मुंगी रडू आवरत विजेत्यासमोर गेली. "सॉरी म्हणते, काका. पण आधी सांगा, चेंडू हलला नव्हता ना?"

विजेत्याने आजूबाजूला पाहिले. फोटोग्राफर चहाला गेला होता. तो खाली वाकला आणि, प्रामाणिकपणा शिकवायलाच आलेला असल्यामुळे, खरे तेच बोलला: "हलला होता गं. पण जवळ सगळी पोरंच होती. म्हटलं, त्यांना काय कळतंय!"