जांभळीचा काळा मध आणि माझी पिले

मित्रांनो, कोयनानगरच्या वरच्या अंगाला, रंगुबाईंच्या परड्यात दगडावर बसवलेली जुनी मधपेटी म्हणजे मी. गावच्या सुताराने मला सागाच्या फळ्यांतून घडवले आणि रंगुबाईंनी सातेरी जातीच्या मधमाश्यांची वसाहत माझ्यात आणून ठेवली. माश्यांच्या गुणगुणीने माझे लाकूड कायम उबदार असे.

चैत्रात जांभळी फुलल्या की माझ्या चौकटी गडद, किंचित तुरट मधाने भरत. गेल्या वर्षी घाटातल्या एका दुकानदाराने तो सगळा परत पाठवला. "हा मध न्हाई, गुळाचा पाक हाय," असा निरोपही धाडला. रंगुबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. साताऱ्याच्या कॉलेजातून घरी आलेल्या लेकीला, अंकिताला म्हणाल्या, "पेटी देऊन टाकू आता. खोटं केलं न्हाई, तरी खोटी ठरले."

"आई, थोडं थांब," म्हणत अंकिता मधाची बाटली आणि माश्यांनी साठवलेला थोडा पराग घेऊन गेली.

आठवड्याने ती परतली ती हसतच. "भेसळ न्हाई, हे आधी तपासलं. मग प्रयोगशाळेतल्या जांभळ्या द्रवात आपला मध टाकला, तर तो पिवळा पडला. मधात अँटिऑक्सिडंट असली की असं होतं. पेशींची झीज रोखायला मदत करणारी द्रव्यं ती. फिक्या मधापेक्षा आपल्या काळ्या मधात जास्त निघाली. परागात तर त्याहून."

"म्हंजे काळेपणातच गुण हाय व्हय?" रंगुबाईंनी पदराने माझे झाकण पुसले.

ही गोष्ट आसपासच्या गावांत पसरली आणि माझे कौतुक झाले. परागाला मागणी आली. रंगुबाईंनी माझ्या दाराशी बारीक जाळी लावली. आत शिरताना माश्यांच्या पायांवरचे परागाचे गोळे खालच्या ताटलीत पडत. जाळी महिनाभर तशीच राहिली. पिलांना भरवायला परागच उरेना. गुणगुण रोडावली. मी लाकूड, मला सांगता कुठे येते?

एका सकाळी रंगुबाईंनी चौकट उचलली. आत त्यांना सुकलेली पिले दिसली. मग त्यांनी हाताने जाळी उपटली.

"माज्या लेकीला मी साताऱ्याला डबा धाडते," त्या माझ्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "अन् हिच्या लेकरांच्या तोंडचा घास काढला."

तीन-चार आठवड्यांनी कोवळ्या माश्या दारातून डोकावल्या. आता रंगुबाई जाळी क्वचितच लावतात, तीही तासाभरापुरती.

मित्रांनो, मध खा, पराग चाखा. पण तो ज्यांच्यासाठी साठवलेला असतो, त्यांना आधी पोटभर जेवू द्या.