उजव्या हाताने डावा कान

टण्ण!

पलीकडच्या बांधावर बांबूला टांगलेला तेलाचा रिकामा डबा वाजला आणि भातावर उतरलेले पोपट भर्रकन उडाले. मोटरसायकलची घसरलेली चेन बसवता बसवता वेखंडे सरांचे हात थांबले. मचाणावर उभ्या असलेल्या पोराने दुसरा दगड उचलला, अंग मागे झुकवलं आणि सोडला. टण्ण! पुन्हा डबाच. सरांनी नजरेनेच अंतर मोजलं. साठ फूट तरी होतं.

दोन महिने सर असाच एक हात शोधत हिंडत होते. ठाणे जिल्ह्याच्या बेसबॉल संघटनेने त्यांना खेळाडू हुडकायच्या कामाला जुंपलं होतं, आणि मुरबाडच्या मैदानावर चाचणीला येणारी पोरं बघून त्यांना शिसारी यायची. नवे कोरे बूट, डोळ्यांवर गॉगल, आणि फेकलेला चेंडू झेलणाऱ्या कॅचरपर्यंत सरपटत जायचा. खेळाशी कुणाला देणंघेणं नव्हतं. संघ राज्यात पहिल्या तिनांत आला की प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असलं की नोकरीतल्या खेळाडूंच्या राखीव जागेवर हक्क सांगता येतो, एवढ्यासाठी सगळा आटापिटा. नऊ जणांतले आठ नुसते उभे राहिले तरी चालून जातं. चेंडू टाकणारा पिचर मात्र खरा लागतो, आणि तो कुणाच्या भाच्यापुतण्यांत सापडत नव्हता.

"ए, खाली ये रे जरा," सरांनी हाक मारली.

पोरगा उतरून आला. काटकुळा, सावळा, आणि हात हे एवढे लांब, जवळजवळ गुडघ्याला टेकणारे. सरांना बघून तो हसला.

"वळखलंत नाय काय गुरुजी? मी सोमा. जिवलीचा."

सर चपापले. वैशाखऱ्याजवळच्या याच ठाकूरवाडीच्या शाळेवर तेरा वर्षांपूर्वी ते नवे शिक्षक म्हणून आले होते. पुढे शिकले, शहापूरच्या हायस्कुलात क्रीडाशिक्षक झाले आणि वाडीची वाट विसरले. इथे अजून कुणी आपल्याला गुरुजी म्हणेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्यांनी पिशवीतून चेंडू काढून सोमाला दिला आणि स्वतः हातात ग्लोव्ह चढवून लांब जाऊन उभे राहिले. "दगड टाकतोस तसाच टाक!"

चेंडू दिसलाच नाही. ग्लोव्हमध्ये फाडकन आवाज झाला आणि सरांचा हात कोपरापर्यंत झिणझिणला. तेरा वर्षांच्या मास्तरकीत इतका आनंद त्यांना कशाने झाला नव्हता.

त्या संध्याकाळी ते सोमाच्या घरी ओटीवर जाऊन बसले. त्याच्या आईने, जिवलीने, सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "यानं काय व्हील गुरुजी?"

"सरकारी नोकरी लागू शकते. वनखात्यात, पोलिसात."

"म्हंजे भट्टीवर जाया नको?"

भात झोडून झालं की अख्खी वाडी पोराबाळांसकट वीटभट्टीवर जायची ती थेट पावसाच्या तोंडाला परतायची. जिवलीचा नवरा भट्टीवरच मेला होता. सर म्हणाले, "नको." तो शब्द त्यांनी दिला, आणि त्या शब्दावर दिवाळीनंतर मजुरांना न्यायला मुकादम आला तेव्हा जिवलीने त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं. सगळी वाडी गेली. मायलेक मागे राहिले.

महिनाभर सर रोज शहापूरहून तीस-चाळीस मैल तुडवत आले. सोमाला स्ट्राइक म्हणजे काय, बॅटर कुठे उभा राहतो, हे एकदा सांगितलं की पुरे. घोडं अडलं ते फॉर्म भरताना. शाळेच्या दाखल्यावर सोमाची जन्मतारीख होती १ जून १९८५. स्पर्धेला १ जानेवारी १९८६ नंतर जन्मलेलाच चालणार होता. सात महिने जास्त.

"जिवले, हा नक्की कधी जन्मला?"

"पुरानं पूल नेला ना, त्याच्या दुसऱ्या साली. भात झोडीत व्हतो आमी." तिने बोटं मोजली. "तुमी शाळंत घेतलात तवा पाच पन पुरी नवती याला."

आणि सरांना तो दिवस आठवला. वाडीत जन्माची नोंद कुणाचीच नसायची. मग पहिलीत घालताना गुरुजी पोराला उभं करायचे आणि उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं. तारीख सगळ्यांना एकच, १ जून. त्या साली पट एकाने कमी पडत होता आणि साहेब शाळा बंद करायची भाषा करत होते. दारात थोरल्या बहिणीच्या परकराला धरून एक शेंबडं पोर उभं होतं. ते सहा वर्षांचं नाही हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण सर म्हणाले, "ए, तू हात कर बघू." तो लांबलचक हात डोक्यावरून गेला आणि कानच काय, अर्धा गाल झाकून बसला. सगळा वर्ग हसला. सरही हसले, आणि त्यांनी पट भरला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त हात पोराचा होता आणि दाखवायला लावणारे सर.

दुसऱ्या दिवशी ते संघटनेचे सेक्रेटरी हरेशभाऊ पडवळ यांच्याकडे गेले. भाऊंनी खिडकीतून गुटख्याची पिचकारी मारली. बाहेरच्या भिंतीवर जुन्या पिचकाऱ्यांचे ओघळ वाळून काळे पडले होते.

"भाऊ, चूक माझी आहे. मी तसं लिहून देतो. तेवढा त्याचा दाखला दुरुस्त करून घेऊ. रूपेशचा केलात तसा."

रूपेश म्हणजे भाऊंचा पुतण्या. वयाची एकवीस पुरी झालेली, कागदावर अठराचा. खऱ्या अठराचा सोमा मात्र कागदावर एकोणिसाचा.

"रूपेशचं वेगलं हाय सर. आनि आता टाइम कुठंय?" भाऊ आरामात म्हणाले. "पिचर म्हनून रूपेशचं नाव गेलंय ना? मग रूपेशच्या नावानं तुमचा सोमा टाकंल. तिकडं कोन वळखतोय? नाव काय हातावर लिवलेलं असतं?"

"आणि प्रमाणपत्र?"

"ज्याचं नाव, त्याचं. आनि संघ जिंकला तर मार्गदर्शक म्हनून तुमचं पन नाव छापून येल."

त्या भिंतीपेक्षा भाऊंच्या बोलण्याची सरांना जास्त किळस आली. ताडकन उठून जावं असं वाटलं. पण ते उठले नाहीत. आपण हुडकलेला पिचर सगळ्या राज्याने बघावा, हा मोह त्यांना खुर्चीला चिकटवून बसला होता.

सोमाला त्यांनी एवढंच सांगितलं, "या खेपेला नाव रूपेशचं लावू. तुझं पुढच्या साली बघू."

"पन टाकनार मीच ना?"

"तूच."

"मंग चालंल."

प्रमाणपत्राचं त्याने विचारलं नाही आणि सरांनी सांगितलं नाही. न सांगणं हीच खरी लबाडी होती, आणि सरांना ती तेव्हाही कळत होती.

डिसेंबरात घाटावरच्या एका तालुक्याच्या गावी स्पर्धा झाली. तीन दिवस सोमा मैदानात होता आणि तीन दिवस समोरचे बॅटर हवेत दांडकी फिरवत होते. "रूपेश! रूपेश!" लोक ओरडायचे. पहिल्या दिवशी सोमा त्या नावाला वळायचा नाही. तिसऱ्या दिवशी वळायला लागला. अंतिम सामना ठाण्याने जिंकला तेव्हा पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि सर चक्क रडले.

मग बक्षीस समारंभ झाला. "उत्कृष्ट पिचर, रूपेश पडवळ!"

सवयीने सोमा अर्धा उठला. भाऊंनी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. तीन दिवस लॉजवर लोळत पडलेला रूपेश केसांना पाणी लावून मंचावर चढला आणि त्याने पाहुण्यांसमोर मान वाकवून पदक घालून घेतलं. आयत्या बिळावर नागोबा! पाहुण्यांना काय कळतं? पण पंचांना कळलं होतं. त्यांनी माना खाली घातल्या. सोमाने इकडेतिकडे पाहिलं, सगळे टाळ्या वाजवतायत म्हणून आपल्या लांब हातांनी टाळ्या वाजवल्या. सरांना किळस आली ती भाऊंची नव्हती आता. स्वतःची होती.

परतताना एसटीत सोमाने विचारलं, "गुरुजी, माझा कागूद?"

सरांनी खिडकीची काच ओढून घेतली.

फेब्रुवारीत सर पडघ्याकडच्या भट्टीवर गेले. रूपेशने पोलीस भरतीचा अर्ज भरल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं, आणि मायलेक वाडीवर नाहीत हेही. मुकादमाला आधी नाही म्हटल्यामुळे जिवलीला सगळ्यात शेवटची, धुराच्या तोंडावरची झोपडी मिळाली होती. तिने सरांना पाहून डोक्यावर पदर घेतला, तांब्यातून पाणी दिलं आणि पुन्हा चिखल तुडवायला गेली. चार शिव्या घातल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं.

सोमा ट्रक भरत होता. दोन-दोन विटा उचलून वरच्या माणसाकडे भिरकावत होता, आणि प्रत्येक जोडी त्या माणसाच्या हातात तिथल्या तिथे जाऊन बसत होती. वरच्याला हात हलवावाही लागत नव्हता.

"सोमा, पुढच्या साली खुल्या गटाची स्पर्धा आहे," सर म्हणाले. "वयाची अट नाही. मी स्वतः फॉर्म..."

"नाव कोनाचं लावनार गुरुजी?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. वीट कुठे ठेवू, असं विचारावं तसं त्याने विचारलं. "तुझं" हा साधा शब्द सरांना काढता येईना, कारण शब्द एकदा देऊन झाला होता.

त्यांनी खिशातून चेंडू काढून पुढे केला. सोमाने लाल मातीचे हात चड्डीला पुसले. चेंडू बोटांत फिरवला, शिवण सापडली तशी त्याची बोटं आपोआप तिच्यावर बसली. नकळत सर मागे सरकत गेले, लांब जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात पुढे धरले. ट्रकवरचा माणूस बघायला लागला. पलीकडे जिवलीचे पाय चिखलात थांबले.

सोमाने अंग मागे झुकवलं, आणि मग त्याचं लक्ष सरांच्या उघड्या हातांकडे गेलं. तो सरळ झाला. लहान पोराला झेल शिकवताना टाकतात तसा खालून, हलकेच, त्याने चेंडू सोडला.

चेंडू सरांच्या ओंजळीत येऊन पडला.

"लागला असता गुरुजी तुमाला," सोमा म्हणाला, आणि वळून त्याने दोन विटा उचलल्या.