‘बरोबर’ म्हणेपर्यंत

“आधी त्याचं म्हणणं तू म्हणून दाखव. तो ‘बरोबर’ म्हणाला, की मगच तुझं तोंड उघडायचं.”

हे आत्याचं. भाऊ आणि मी भांडायला लागलो, की ती हातातलं काम न सोडता स्वयंपाकघरातूनच हुकूम द्यायची. भाऊ मुद्दाम ‘चूक, चूक’ म्हणत राहायचा. मी रडकुंडीला येऊन त्याचंच गाऱ्हाणं पुन्हापुन्हा म्हणून दाखवायची. शेवटी भांडण कशावरून होतं तेच दोघं विसरायचो आणि आत्या म्हणायची, “झालं? आता हात धुवा.”

आठवीचा वर्ग माझ्याकडे आला तेव्हा चर्चेचा तास म्हणजे नुसता बाजार होता. ज्याचा आवाज मोठा, त्याचा मुद्दा खरा. रोज सकाळी देवापुढे बसून उठताना माझा एकच नेम असतो, आज कुणाला टोचून बोलायचं नाही. त्यामुळे ओरडून गप्प करणं मला जमत नाही. मी आत्याचा नियम फळ्यावर लिहिला. पहिल्यांदा पोरांनी टिंगल केली. मग त्यांना त्यातली गंमत कळली. पावसाळा संपेपर्यंत वर्ग असा बोलायला लागला, की मुख्याध्यापक दारात थांबून ऐकायचे. शेजारच्या वर्गाच्या बाईंना ते म्हणालेसुद्धा, “तुमची वानरसेना इथे आणून बसवा जरा.” मी वरवर नको नको म्हटलं, पण आतून फुलले होते.

त्या दिवशीचा विषय मुलांनीच काढला. बाकांवरच्या जागा दर सोमवारी बदलाव्यात, की ज्याची त्याची जागा कायम असावी?

मुंगीने हात वर केला. अक्षर इतकं बारीक, की वाचायला भिंग घ्यावं, म्हणून ती मुंगी. वर्षभरात ती कधी आपणहून बोलली नव्हती. हातही जेमतेम कानापर्यंतच वर आला होता.

“मला कायमची जागा हवी,” ती म्हणाली. “जागा बदलतात तेव्हा ‘इथे बसू का’ असं विचारावं लागतं. मग सांगतात, इथे कुणीतरी येणार आहे. आणि कुणी येत नाही.”

सगळा वर्ग तिच्याकडे वळला. मला वाटलं, देवा, याचसाठी तर केला होता अट्टाहास.

वकील उठला. हरवलेल्या पेन्सिलीसाठीही दोन्ही बाजूंनी भांडणारा मुलगा. “म्हणजे तुझं म्हणणं असं, की तुझ्याशेजारी बसायला कुणी तयार नसतं. बरोबर?”

“बरोबर.”

“तरी माझ्या मते जागा बदलाव्यात. मागून फळा दिसत नाही.”

खिडकीजवळची मुलगी उठली. “म्हणजे तुझं म्हणणं असं, की तुला मुद्दाम खोटं सांगतात. बरोबर?”

“बरोबर.”

“पण मलाही एकदा तसं सांगितलं होतं. मी नाही मनाला लावून घेतलं.”

मग मागच्या बाकावरचा उंट, वर्गातला सगळ्यात उंच मुलगा. “म्हणजे तू कुणालाच नको असतेस. बरोबर?”

मुंगीने माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. “बरोबर,” ती म्हणाली.

कुणी हसत नव्हतं. कुणी कुणाला कोपर मारत नव्हतं. सगळे पाळीने उठत होते, तिच्याकडे बघून बोलत होते, अगदी मी शिकवलं होतं तसं. खडू हातात धरून मी उभी होते आणि थांबवू तर कशासाठी थांबवू, हेच मला सुचेना.

शेवटी मॉनिटर उठली. तिचा चेहरा पडला होता. मला नंतर कळलं, ‘कुणीतरी येणार आहे’ असं सांगणाऱ्यांत ती पहिली होती. तिला बहुतेक काहीतरी चांगलं बोलायचं होतं. पण नियम आड आला. “म्हणजे तुझं म्हणणं असं, की मी... आम्ही तुला जवळ बसू देत नाही. बरोबर?”

मुंगी काहीच बोलली नाही.

सगळे थांबले. समोरच्याने ‘बरोबर’ म्हणेपर्यंत पुढे जायचं नसतं ना!

“बाई, ती बरोबर म्हणत नाहीये,” वकील म्हणाला.

“मग तू नीट म्हणून दाखवलं नसशील. परत म्हण की,” उंटाने मॉनिटरला सांगितलं, अगदी मदत करावी तसं.

आणि मॉनिटरने ते वाक्य पुन्हा म्हटलं. घंटा झाली तेव्हा मुंगी अजून उभीच होती.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा उलटला.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “कुणी शिवी दिली?”

“नाही, सर.”

“हसलं कुणी? चिडवलं?”

“नाही.”

“मग बाई, मी शिक्षा कोणाला करू? चर्चा तर छानच झाली म्हणता.” मग जरा नरमून म्हणाले, “पोरांचं असतं असं. येईल चार दिवसांनी.”

मी वर्गात विषय काढला. म्हटलं, “आपण सगळे सभ्यपणे बोललो, पण तिला लागलं. मलाही ते वेळेवर कळलं नाही.”

वकील उठला. सवयच झालेली. “म्हणजे बाई, तुमचं म्हणणं असं, की तुम्ही दिलेला नियम आम्ही पाळला, म्हणून तिला लागलं. बरोबर?”

त्याच्या डोळ्यांत खोडी नव्हती. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि ‘बरोबर’ हा एवढासा शब्द मला म्हणता येईना. तेव्हा कुठे मला कळलं, ती तिथे कशी उभी राहिली असेल. आत्यापुढे आम्ही दोघंच होतो. इथे एका बाजूला ती, आणि दुसऱ्या बाजूला सगळा वर्ग.

“खाली बस, बाळा,” एवढंच मी म्हणू शकले. फळ्यावरचा नियम पुसला. पण त्याच्या जागी काय लिहू, ते समजेना.

संध्याकाळी मुंगीच्या घरी गेले. जिना चढून गेल्यावर दोन खोल्या. तिची आई दवाखान्यात आया आहे. नुकतीच कामावरून आलेली, पाय कोमट पाण्यात सोडून बसली होती. मला बघून उठायला लागली.

“बसा हो, बसा.”

“बाई, तुम्हीच सांगा आता. घरी हिच्या तोंडाला कुलूप नसतं, आणि शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतं. विचारलं, कुणी काही बोललं का, तर म्हणते कुणीच वाईट बोललं नाही. मग झालं काय?”

“कुणीच वाईट बोललं नाही,” मी म्हटलं.

“हेच तर ही म्हणते! तुम्ही दोघी मिळून मला वेड लावणार.”

आतल्या खोलीच्या दारात मुंगी येऊन उभी राहिली होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, “अजून तसंच बोलतात का वर्गात?”

“नाही. तो नियम मी पुसला. मॉनिटर म्हणत होती, तिच्याशेजारची जागा तुझ्यासाठी—”

“नको.”

“बरं.”

आईने पाण्यातून पाय काढले, टॉवेल शोधायला लागली. मुंगीने तो उचलून तिच्या हातात दिला. मग म्हणाली, “एकटीने वर्गात शिरायचं नाही मला. सगळे वळून बघतात.”

“मी येऊ न्यायला? उद्या सकाळी?”

“आणि माझ्याबद्दल काही म्हणायचं नाही. कुणालाच नाही. चांगलंसुद्धा नाही.”

मुलांना काय काय सांगायचं, ते मी आठवडाभर मनात जुळवत होते. सॉरी कसं म्हणवून घ्यायचं, टाळ्या वाजवायच्या की नाही, सगळं. “नाही म्हणणार,” मी म्हटलं. “काही म्हणजे काही नाही.”

आई मला जिन्यापर्यंत सोडायला आली. “येईलच असं मी नाही हं सांगत, बाई. सकाळी परत पोट धरून बसेल. तुमचा हेलपाटा व्हायचा.”

“होऊ दे.”

सकाळी देवापुढे बसले, तर नेहमीचे शब्द ओठांवर येईनात. टोचून कुठे कुणी बोललं होतं? नुसती हात जोडून बसून राहिले. चहा निम्माच झाला. शेजारच्या वर्गाच्या बाईंना फोन करून सांगितलं, मला उशीर झाला तर माझी मुलं जरा बघा. “बरं नाही का वाटत?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “बरी आहे.” कारण नाही सांगितलं.

चपला घातल्या, दार ओढून घेतलं, आणि शाळेचा रस्ता डावीकडे सोडून उजवीकडे वळले.