चार चौकटींत नंदाताई

गुरुग्रामच्या त्या मॉलमध्ये जुन्या काळचं फोटोचं यंत्र मांडलं होतं. पुढे काळा पडदा, आत फिरकीचं स्टूल. चारदा दिवा चमकला की पाच मिनिटांनी चार फोटोंची ओली पट्टी बाहेर. निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही. आला तो फोटो आपला. अहो, केवढी रांग! शेजारच्या टोपलीत टोप्या, खोट्या मिशा, रंगीत चष्मे. जो तो काहीतरी चढवून आत वेडीवाकडी तोंडं करत होता.

नंदाताई मात्र कामासाठी आल्या होत्या. वर्ध्याजवळच्या त्यांच्या शाळेनं भिंतीवर लावायला फोटो मागितला होता. दिल्लीत अवर सचिव झालेली तिथली पहिली मुलगी ना! त्या भिंतीसमोरून रोज पोरी वर्गात जाणार. त्यांना कोण दिसावं, याचाच घोर नंदाताईंना लागला होता.

"आई, प्लीज यार, माझा ब्लेझर घाल," त्यांची लेक मैत्री म्हणाली. "या सुती साडीत कोण म्हणेल तुला ऑफिसर?"

झालं! बाईंचा पारा चढला.

"तुझे आजोबा रेल्वेत गँगमन. शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी मला स्टुडिओत घेऊन गेले. माझ्या फ्रॉकला खांद्यावर ठिगळ. फोटोवाल्यानं त्याच्याकडचा कोट पुढे केला. आजोबा म्हणाले, उसनं काही नको, माझी पोर आहे तशी दिसू दे. ठिगळासकट फोटो गेला आणि शिष्यवृत्ती त्याच पोरीला मिळाली. कळलं?"

मैत्रीला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. तिनं ब्लेझर परत हातावर घेतला.

नंदाताई आत गेल्या. स्टूल फिरवून उंची नीट केली, पदर सारखा केला आणि ताठ बसल्या. चारदा दिवा लखलखला, पण बाई तसूभर हलल्या नाहीत. आपण इथवर आलो याचा त्यांना अभिमान वाटत होता आणि तो लपवायची त्यांना मुळीच गरज वाटली नाही.

पट्टी आली. मैत्रीनं ती कडेनं धरून निरखली. चारही चौकटींत तीच ताठ मान, तीच समोर रोखलेली नजर.

"आई, यातला कुठला कापून पाठवू गं?"

"कुठलाही काप," नंदाताई पर्स खांद्याला लावत म्हणाल्या. "चारही मीच आहे."