अकरा संचालकांचा संघ

बोरमळ्याच्या फुटबॉल मंडळाचा इतिहास सांगायला फार वेळ लागत नाही. ते १९९१ साली सुरू झालं आणि १९९६च्या डिसेंबरात एका दुपारी संपलं. कागदावर ते पुढंही चालू राहिलं, पण बोरमळ्यात कागदावर पुष्कळ काही चालू असतं.

सुरू केलं जोतीरामनं. इंदापूर तालुक्याच्या बारामतीकडच्या टोकाला असलेल्या या गावात त्याच्या वडिलांनी, तात्याबांनी, मेंढरांचा शेवटचा कळप विकून दोन एकर रान घेतलं होतं. जोतीराम मोटारसायकलवरून बारामती एमआयडीसीत कामाला जायचा. तिथं कोल्हापूरचा एक फिटर होता. कोल्हापूरचा माणूस एक वेळ जेवण सोडील, पण फुटबॉल सोडणार नाही. जेवणाच्या सुट्टीत त्यानं जोतीरामला गोलात उभं केलं आणि जोतीरामला वेड लागलं. गावातला पहिला चेंडू म्हणजे त्या फिटरचा जुना, ठिगळ लावलेला चेंडू.

गावात तोवर कुस्ती आणि कबड्डी. चेंडूला लाथा मारण्यात कसली मर्दुमकी, असं म्हणणारे होतेच, आणि तात्याबा त्यांतलेच एक. पण मेंढरांमागं दिवसभर रानोमाळ हिंडणाऱ्यांची नातवंडं पळायची कुठली थांबतात? दोन वर्षांत पंधरा-वीस पोरं जमली. पडीक रानात दोन-दोन दगड मांडून गोल करायचे. दगडांना वर दांडी नाही, मागं जाळी नाही, त्यामुळं प्रत्येक गोलावर भांडण ठरलेलं. तरी सांगवीच्या पोरांना त्यांनी दोनदा हरवलं आणि बावड्याच्यांना एकदा.

जोतीराम गोलरक्षक. शहाण्णव साली तो छत्तिशीला आला होता आणि थंडीत त्याचा उजवा गुडघा कुरकुरायचा. एकदा, फक्त एकदा, खऱ्या स्पर्धेत शिट्टीवाल्या पंचासमोर खेळायचं, एवढंच त्याला हवं होतं. पुढच्या साली गुडघा साथ देईल याचा भरवसा नव्हता.

त्या वर्षी बारामतीत स्पर्धा भरली. प्रवेश फक्त नोंदणी झालेल्या मंडळांना. जोतीराम नोंदणीचं बोलायला चावडीवर गेला आणि गाव जागं झालं. नोंदणी म्हणजे संस्था, संस्था म्हणजे चेअरमन, आणि चेअरमन म्हणजे निवडणूक. ज्यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता, त्यांची दोन पॅनेल उभी राहिली. आठ दिवस रुसवेफुगवे, बैठका, जेवणं झाली, आणि शेवटी बिनविरोध ठरलं. ऊसवाल्यांना सहा जागा, वरच्या वस्तीला तीन, जुन्या मेंढपाळ घरांना दोन. आप्पासाहेब चेअरमन, त्यांचे हाडवैरी आबासाहेब व्हाइस चेअरमन. एक जागा तात्याबांना मिळाली, कारण घरात वडीलधारा असताना पोराला जागा देणं बरं दिसत नाही. जोतीरामला त्याचं काही वाटलं नाही. त्याला खेळायचं होतं, मीटिंगा भरवायच्या नव्हत्या.

घोळ घातला तो महिपतीनं. महिपती सोसायटीचा सचिव, सबंध हयात फॉर्म भरण्यात गेलेली. स्पर्धेच्या फॉर्मवर कर्णधार आणि दहा खेळाडूंचे रकाने होते. असे रकाने त्यानं शेकडो वेळा भरले होते आणि दर वेळी त्यांत संचालकच बसवले होते. हातानं सवयीचं काम केलं. आप्पासाहेब कर्णधार झाले, बाकीचे दहा त्यांच्या खाली गेले आणि वर शिक्का बसला. राखीव खेळाडूंच्या रकान्यांवर त्यानं आडवी रेघ मारली, कारण राखीव संचालक हा प्रकार त्यानं कधी ऐकला नव्हता.

सामन्याच्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून सगळे बारामतीला गेले. पोरं निळे शर्ट घालून तयार होती. संयोजकानं टेबलावर यादी उघडली. कर्णधाराचं वय एकसष्ट.

संयोजक भला माणूस होता. हसू आवरून त्यानं मार्ग सांगितला. यादीतला जो कुणी आपलं नाव लेखी मागं घेईल, त्याच्या जागी दुसरा उतरवता येईल. अकरा सह्या करा आणि अर्ध्या तासात मैदानात या.

काम दोन मिनिटांचं होतं. पण लिहायला बसला पुन्हा महिपतीच, आणि त्याला अशा कागदाचा एकच मजकूर पाठ होता: 'मी स्वखुशीने माझ्या जागेचा राजीनामा देत आहे.'

त्यानं तो वाचून दाखवल्यावर खिशातली पेनं खिशातच राहिली. या मुलखात सही केलेला राजीनामा कुणी सुखासुखी दुसऱ्याच्या हातात देत नाही. तो पुढं कधी आणि कुणाच्या खिशातून निघेल, सांगता येत नाही. आप्पासाहेब म्हणाले, आधी व्हाइस चेअरमननी सही करावी. आबासाहेब म्हणाले, पहिला मान चेअरमनचा. ऊसवाले वस्तीवाल्यांकडं बघू लागले, वस्तीवाले ऊसवाल्यांकडं. जोतीरामनं हात जोडून सांगितलं की हे फक्त आजच्या सामन्यापुरतं आहे. महिपती मजकूर बदलायला निघाला, पण आता कुठल्याच मजकुरावर कुणाचा विश्वास उरला नव्हता.

तेव्हा तात्याबा ट्रॉलीतून खाली उतरले.

"मला लिवता येत न्हाय. अंगठा चालंल का?"

चालत होता. त्यांनी अंगठा उठवला, धोतराला पुसला आणि बाजूला जाऊन उभे राहिले. त्यांच्यामागून कुणी आलं नाही.

पंधरा मिनिटं उरली तेव्हा आप्पासाहेबांनी निर्णय दिला. माघार घेतली तर तालुक्यात नाचक्की होईल, तेव्हा संचालक मंडळ स्वतः खेळेल. राहिली एक जागा. जोतीराम पोरांकडं वळला. त्यांच्यातला सगळ्यात चपळ मानसिंग पुढं झाला.

"तुमी जावा दादा. आमाला पुढचं साल हाय."

जोतीराम गेला.

सामन्याचं काय सांगावं? कुणी धोतर खोचून उतरलं, कुणी पायजमा दुमडून. आप्पासाहेब मैदानाच्या मधोमध उभे राहिले, कारण चेअरमनची जागा तीच असणार. आबासाहेब त्यांच्यापासून जेवढं लांब जाता येईल तेवढे लांब गेले, आणि दोनदा चेंडू पायाशी येऊनही त्यांनी तो आप्पासाहेबांना दिला नाही. बघे पोट धरून हसत होते. जोतीराम मात्र एकटा झेपावत होता, पडत होता, उठत होता. वीसेक चेंडू त्यानं अडवले आणि चौदा आत गेले. शेवटी शेवटी लोकांचं हसणं थांबलं आणि टाळ्या पडू लागल्या, त्या फक्त त्याच्यासाठी.

दिवस कलताना ट्रॉली परत निघाली. आपापल्या जागा राखून संचालक पुढं खुशीत बसले होते. पोरं मागच्या फळीला टेकून बसली होती. त्यांच्या निळ्या शर्टांना मातीचा एक डागही नव्हता. जोतीरामशेजारी बसलेले तात्याबा बराच वेळ आपल्या अंगठ्याकडं बघत होते.

"मला वाटलं, एकानं दिला की समदीच देत्याल," ते म्हणाले. "म्हणून दिला म्या."

"वाया न्हाय गेला, तात्या. मी खेळलो की."

बोलून गेल्यावर त्याला पोरांकडं बघवेना. खोटं काहीच नव्हतं. त्याला हवं होतं ते मिळालं होतं, गोलात उभा होता तेवढा वेळ तो सुखात होता, आणि त्याला लाज वाटत होती ती त्या सुखाचीच. त्याचा सुजलेला गुडघा बघून मानसिंग सरकला, इतरांनाही त्यानं सरकायला लावलं, आणि दादांना पाय लांब करायला जागा करून दिली.

गाव येईपर्यंत जोतीरामनं पाय लांब केला नाही.